चावी संपल्याची तारीख

१ जानेवारी, सकाळ

संकल्प. दंतवैद्याकडे जाणे, याच आठवड्यात. उजवीकडची खालची दाढ. रविवारच्या सदराबद्दल संपादकांशी एकदाचं काय ते बोलून मोकळं होणे. ही डायरी नेमाने लिहिणे आणि तीत आत्मस्तुती टाळणे. (हे जड जाईल. वस्तुनिष्ठ माणसाला स्वतःविषयी खोटं लिहिता येत नाही.)

ही स्वयंपाकघरातून काहीतरी सांगत होती. संकल्प लिहिताना मध्ये कोणी बोललं की नेमका शब्द निसटतो. म्हटलं, नंतर ऐकतो.

३ जानेवारी

संपादकांशी बोललो. म्हणाले, "बघू." माणूस माझ्याहून वयाने लहान, पण या एका शब्दावर त्याने जे प्रभुत्व मिळवलंय ते भल्याभल्यांना साधत नाही. ऑफिसात सगळे त्याला बघूसाहेब म्हणतात. अर्थात तो खोलीत नसताना.

सदराचं नावही सुचवून आलो. 'प्रत्यक्ष'. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. प्रमाणांमध्ये प्रत्यक्षाचा मान पहिला, अनुमान त्याच्या मागे, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून मानणं सगळ्यांच्या मागे. लोक नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात. संस्कृत घेऊन एम.ए. झालेला माणूस इतकी वर्षं नगरपालिकेच्या गटारांच्या बैठका कव्हर करतोय, यावरून या शहराची अभिरुची कळावी.

दंतवैद्य पुढच्या आठवड्यात.

११ जानेवारी, दुपार

दिवाणखान्यातलं घड्याळ बंद पडलं. हिने दोनदा आठवण केल्यावर घेऊन गेलो. झेरॉक्सचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्या मधल्या फटीत आपला घड्याळजी बसतो. एका डोळ्याला भिंग, दुसरा डोळा गिऱ्हाइकावर. इतकी वर्षं त्या भिंतीवर 'उधार मागू नये' अशी पाटी होती. आज तिच्या जागी सुवाच्य अक्षरात नवी: 'येत्या १७ मार्चला सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी जगाची चावी संपेल. चौकशी आत करावी.'

आत म्हणजे कुठे? आत तो एकटाच मावतो.

चौकशी केली. तो म्हणतो, पूर नाही, आग नाही, काहीही आदळणार नाही. जग हे घड्याळ आहे. कोणीतरी एकदाच चावी दिली, ती दहा हजार वर्षांची. स्प्रिंग उलगडत आली. संपली की संपलं. हे त्याला त्याच्या आजोबांच्या एका भल्यामोठ्या घड्याळातल्या चक्रांचे दाते मोजताना कळलं. मी विचारलं, दहा हजारच का? गोल आकडा आहे म्हणून? तो म्हणाला, गोल तर चक्रही असतं.

माझ्या घड्याळाची पावती फाडून दिली. घरी येऊन पाहिलं: 'मिळण्याची तारीख २४ मार्च.' जग १७ ला संपणार आणि घड्याळ २४ ला मिळणार. मी फोन करून हा मुद्दा त्याच्या नजरेस आणला. त्याने शांतपणे सांगितलं की धंदा धंद्याच्या जागी.

ही पावती मी जपून ठेवणार आहे. मानवजातीच्या बुद्धीचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

१२ जानेवारी

बघूसाहेबांना सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी फोनवरून नजर काढली. घड्याळजीभोवती म्हणे बरीच मंडळी जमू लागली आहेत. निवृत्त कॅशियर, शिवणकाम करणाऱ्या बाई, एका जिमचा मालक, ज्याचे दंड त्याच्या डोक्यापेक्षा मोठे आहेत. १७ ला पहाटे सगळे मिळून पाण्याच्या टाकीमागच्या डोंगरावर चढणार, कारण शेवट उंचावरून चांगला दिसतो. जणू काही नंतर कोणाला सांगायचा आहे.

साहेब म्हणाले, तीन लेख करा. दोन आधी, तिसरा १८ तारखेच्या रविवार पुरवणीत. तिसरा जमला तर सदराचं... "बघू." पण या वेळच्या बघूमध्ये हसू होतं. तीस वर्षं व्याकरण वाचलेल्या माणसाला असले सूक्ष्म भेद ऐकू येतात.

गटारांचा निरोप घेण्याची वेळ आली.

२ फेब्रुवारी

घड्याळजीची मुलाखत. त्याने मला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला, त्यामुळे दुकान भरलं.

मी त्याला अर्धा तास मोकळेपणाने बोलू दिलं. मूर्ख माणसाला अडवू नये, तो आपोआप खोलात जातो. मग हळूच विचारलं, दहा हजार वर्षांचे दिवस कसे काढले? म्हणाला, गुणिले तीनशे पासष्ट. मी म्हटलं, "आणि लीप वर्षं?"

दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत होती, हा एकटा बंद. डोळ्यावरचं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग पावती-पुस्तकाच्या मागे पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं आणि मला चहा मागवला.

माणूस आयुष्यभर घड्याळांत तारखेचे काटे बसवतो आणि त्याला एकोणतीस फेब्रुवारी आठवत नाही! घरी येताना मी स्वतःशीच हसत होतो. चपलांच्या दुकानदाराला वाटलं त्याला हसतोय.

हा मुद्दा लेखात वापरायचा नाही. एवढा चांगला बाण शेवटच्या लेखासाठी राखून ठेवायचा.

११ फेब्रुवारी, रविवार

पहिला लेख आला. 'पावती २४ ची, प्रलय १७ चा'. तीनदा वाचला. दुसऱ्या परिच्छेदातला उपरोध इतका नाजूक आहे की काही वाचकांना तो कळणार नाही, पण लेखकाने खाली उतरू नये.

दंतवैद्याकडे गेलो नाही. लेखानंतर लोकांचे फोन येतील असं वाटलं. एक आला. जिमच्या मालकाचा. डोंगरावर जायला नाव कुठे नोंदवायचं, असं कोणीतरी त्याला माझा लेख दाखवून विचारलं म्हणे. त्याने माझे आभार मानले.

१८ फेब्रुवारी

माझ्या लेखानंतर घड्याळजीच्या दुकानासमोर रांग लागते. लेखात मी त्याची यथेच्छ टिंगल केली होती, आणि लोकांनी त्यातून फक्त तारीख आणि पत्ता उचलला. वाचक या प्राण्याविषयी एकदा लिहायला हवं. सदरात.

ही म्हणाली, त्या माणसाचं बोलणं गोड आहे, ऐकून तर घेतो समोरच्याचं. मी म्हटलं, ऐकून घेणं हा बुद्धीचा पुरावा नाही. तिने पेपरची घडी घातली. पटलं असावं.

५ मार्च

काल दुसरा लेख आला. दाढेने रात्रीची झोप घेतली. सकाळी दंतवैद्याला फोन केला. तो म्हणाला, १४ ला या. मी म्हटलं, १९ बरी. तो म्हणाला, इतकी दुखतेय तर १९ का? मी म्हटलं, लेखाचा व्याप आहे.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "१७ च्या पुढचीच का घेतलीत?"

बायकांना वाटतं प्रत्येक तारखेमागे काहीतरी कारण असतं. हीच वृत्ती पुढे वाढली की माणूस डोंगरावर चढतो.

९ मार्च

घड्याळ तयार आहे का पाहायला गेलो. वास्तविक पाहता त्याचा चेहरा पाहायला गेलो. काउंटरभर कागद. बेरजा, गुणाकार, खोडलेले आकडे. एका कागदावर त्याने मोठ्या वर्तुळात काहीतरी लिहिलं होतं, मी जवळ जाताच हात ठेवला. म्हणाला, दोन दिवस द्या, बोलण्याच्या स्थितीत नाही.

भेदरलाय. तारीख जवळ आली की सगळेच भेदरतात. आता पळवाट शोधतोय. मला त्याची दया आली आणि मी ती त्याला दिसू दिली.

१३ मार्च, संध्याकाळ

बाजारातून मेणबत्त्या, टॉर्च, सेल, पाण्याचे मोठे कॅन, बिस्किटं आणली. तिसऱ्या लेखासाठी. भित्र्या माणसाच्या मनात शिरायचं असेल तर त्याच्यासारखी खरेदी करून पाहावी लागते. याला शोधपत्रकारिता म्हणतात.

ही म्हणाली, बिस्किटं दुसऱ्या कंपनीची आणायची होती.

चुलतभावाला फोन केला. आठ वर्षं बोलणं नव्हतं. वाटणीच्या वेळी त्याने जे शब्द वापरले ते मी विसरलेलो नाही. पण सहजच केला. त्यानेही सहजच विचारलं, का रे, काही झालं का? म्हटलं, काही नाही, आपलं सहज. तो म्हणाला, १७ च्या आधी केलास ते बरं झालं.

म्हणजे तोही त्यातलाच. आमच्या घराण्यात बुद्धी एकाच शाखेला आली.

१५ मार्च, दुपार

लिहायला बसलो. पुरवणीचं गणित असं: ती रविवारची असली तरी शुक्रवारी संध्याकाळी छापायला जाते. जग संपायचं शनिवारी पहाटे. म्हणजे जे घडायचं ते घडण्याआधी लिहिलं पाहिजे. यात काही वावगं नाही. आमच्या धंद्यात हे रोजचं. उद्घाटनाची बातमी आदल्या दिवशी लिहून ठेवतो, 'कार्यक्रम उत्साहात पार पडला'. आजवर एकही कार्यक्रम निरुत्साहात पार पडलेला नाही.

आणि इथे तर काय घडणार हे मला ठाऊकच आहे. काहीही नाही. काहीही न घडणं लिहिणं सगळ्यात सोपं.

पहिलं वाक्य सुचलं: 'सहा चाळीस झाले. सूर्य नेहमीच्याच निर्लज्जपणे वर आला.' वा.

तेवढ्यात ही बाहेरून आली, हातात आमचं घड्याळ. चालू. २४ च्या आधीच दिलं म्हणजे घड्याळजी लोकांचा माल परत करून दुकान आवरतोय, हे उघड आहे. ही दारातूनच सुरू झाली, "अहो, ते घड्याळवाले म्हणत होते की..." मी हात वर केला. दुसरं वाक्य अर्ध्यावर होतं. ती तिथेच थांबली. मी म्हटलं, लेख झाल्यावर. ती म्हणाली, लेखाबद्दलच आहे. मी म्हटलं, लेखाबद्दल मला माहीत नाही असं काय असणार?

तिने घड्याळ खिळ्याला अडकवलं आणि आत गेली.

संध्याकाळपर्यंत लेख पूर्ण. रडणारा घड्याळजी. थर्मास छातीशी धरून बसलेल्या शिवणवाल्या बाई. हातातलं घड्याळ दरीत भिरकावणारा जिमचा मालक. आणि शेवटी, सगळे उतरून गेल्यावर एकट्या बसलेल्या म्हाताऱ्याला मी माझ्या बाटलीतलं पाणी देतो आणि म्हणतो, चला, दुकान उघडायची वेळ झाली. ते वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. विरोधकाविषयी इतकी करुणा बाळगणारे लोक कमी.

लीप वर्षांचा बाणही मारलाय, नेमका जागेवर.

१६ मार्च

साहेबांनी लेख वाचला. शेवटाकडे येऊन थांबले. म्हणाले, "हे सगळं उद्या घडायचंय ना?" मी म्हटलं, साहेब, उद्या जग संपलं नाही तर मजकूर बरोबर. संपलं तर तक्रार करायला कोण येणार?

ते हसले. खूप हसले. आणि म्हणाले, पुढच्या रविवारपासून सदर सुरू करायला हरकत नाही. बघू नाही म्हणाले! मी दोनदा मनात तपासून पाहिलं, बघू नाही म्हणाले. वर मला सांगितलं, डोंगरावर जाऊन याच, म्हणजे नाव 'प्रत्यक्ष' ठेवताना मनात किंतू राहणार नाही. अर्थातच जाणार. पहाटे पाचला निघायचं. बूट दाराशी काढून ठेवलेत.

१७ मार्च, सकाळी दहा

जग आहे.

अपेक्षेप्रमाणे.

मोबाईलचा गजर साडेचारला वाजला. मी बंद केला. विचार केला, जे होणार नाही हे माहीत आहे ते पाहायला डोंगर चढायचा म्हणजे स्वतःच्या बुद्धीवर अविश्वास दाखवायचा. हे तात्त्विक कारण. थंडी हे गौण.

झोप लागली नाही. सहा वाजून छत्तीस, सदतीस. नव्याने चालू झालेलं घड्याळ दिवाणखान्यात टिकटिकत होतं. सहा चाळीसला डोळे मिटून घेतले. भीती नव्हे. खिडकीतून उजेड येत होता. पलंगाची कड धरून ठेवली होती, कारण पाठ अवघडली होती. ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, घाम आलाय. म्हटलं, पांघरूण जाड आहे.

एकूण दिवस छान.

१८ मार्च, रविवार, सकाळी आठ

आला! पुरवणीचं पहिलं पान, अर्ध्याच्या वर. माझ्या नावाचा टाइप नेहमीपेक्षा एक पॉइंट मोठा. 'आणि सूर्य उगवलाच'. खाली: 'आमच्या वार्ताहराने डोंगरावरून पाहिलेले प्रत्यक्ष दृश्य'. पाच वेळा वाचला. हिच्यासमोर मोठ्याने वाचला. पाण्याच्या प्रसंगाला ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "सांगायचा प्रयत्न केला होता मी." म्हटलं, स्तुती नंतर कर, आता बाहेर जाऊन येतो.

घड्याळजीकडेच निघालो. जिंकलेल्याने हरलेल्याला भेटावं, ही रीत आहे. माझी.

१८ मार्च, दुपारी बारा

घरी परत. एक खुर्ची. एक पेला पाणी. लिहितो.

घड्याळजी दुकानात होता. डोळ्याला भिंग. काउंटरवर आमची पुरवणी पसरलेली, वर दोन उघडी घड्याळं ठेवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून. मला पाहून उठला. "या, पत्रकारसाहेब. डोंगरावर थंडी फार होती का हो?"

मी म्हटलं, होती तशी.

तो म्हणाला, मी गेलो नाही त्यामुळे मला कल्पना नाही. कोणीच गेलं नाही. बुधवारीच सगळ्यांना कळवलं, दाराला पाटीही लावली, तुमच्या घरी तर मी मुद्दाम निरोप दिला. तुमची मंडळी घड्याळ न्यायला आली होती ना? त्यांना नीट समजावून सांगितलं आणि म्हटलं, साहेबांना आधी सांगा, त्यांच्यामुळेच कळलं.

काय कळलं, विचारलं. माझा आवाज जरा बारीक निघाला. दाढेमुळे.

"लीप वर्षांचं. तुम्हीच नाही का विचारलंत? मला रात्र रात्र झोप आली नाही त्या प्रश्नाने. तीनदा मांडलं गणित."

मी म्हटलं, म्हणजे तारीख पुढे गेली तर. अजून एक तारीख.

तो हसला. मुलाला शिकवताना हसतात तसा. "पुढे कशी जाईल, साहेब? चावी ठरल्या दिवसांची. वर्षात दिवस जास्त भरले की ती आधीच संपणार ना? मागे आली तारीख. सहा वर्षं होऊन गेली, वर काही महिने. सत्तावीस जुलै." मग पुढे झुकून, कोणी ऐकू नये अशा बेताने: "जग संपलंय. घड्याळाची चावी संपली तरी लंबक थोडा वेळ हलत राहतो, पाहिलंय ना तुम्ही? आपण त्यातले."

मी म्हटलं, पण जग तर दिसतंय. तो म्हणाला, लंबकही दिसतो.

मग त्याने पुरवणीवरचं एक घड्याळ उचललं, माझ्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं, आणि अगदी मनापासून म्हणाला, "मला पाणी दिलंत, त्याबद्दल आभारी आहे."

१९ मार्च

दंतवैद्याकडे जायचं राहिलं. साहेबांनी सकाळीच बोलावून घेतलं.

फोन थांबेनात म्हणे. एक फोन पाण्याच्या टाकीच्या रखवालदाराचा. तो म्हणतो, शनिवारी पहाटे डोंगरावर मी होतो आणि माझं कुत्रं होतं, आमच्यापैकी रडणारा कोण ते वार्ताहरांना विचारा.

मी साहेबांना समजावलं की लेखाचा गाभा खरा आहे. जग संपलं नाही, हे माझं म्हणणं. जग संपलं नाही, हे दिसतंय. बाकी तपशील. त्यांनी विचारलं, कोण रडलं, कोणी दरीत घड्याळ टाकलं, हे तुम्हाला कसं माहीत होतं? मी म्हटलं, अनुमान. धूर दिसला की अग्नी. ते म्हणाले, धूर कुठे दिसला?

मग ते जे म्हणाले ते इथे लिहून ठेवतो, कारण माणसाने अन्यायाची नोंद ठेवावी. "त्या माणसाची तारीख चुकली, त्याने तीन दिवस आधी सांगून टाकलं. तुमची चुकली ती आपण लाखभर प्रतींत छापली."

खुलासा लिहायला सांगितला. मी दीड पान लिहिलं. वृत्तसंकलनातील पूर्वलेखनाची परंपरा, पुरवणीची वेळ, प्रमाणांचा क्रम, सगळं. त्यांनी दोन ओळी ठेवल्या: 'रविवारच्या पुरवणीत वर्णन केलेली घटना घडली नाही. दिलगीर आहोत.' हे वाक्य असं की जणू ती घटना न घडण्यात माझा काही दोष आहे.

सदराबद्दल विचारलं. म्हणाले, बघू.

२१ मार्च

गटारांची बैठक. नगराध्यक्षांनी मला पाहून विचारलं, आजची बातमी कालच लिहून झाली का? सगळे हसले. कारकूनसुद्धा. ज्यांना सांडपाणी आणि पावसाचं पाणी यातला फरक सांगता येत नाही, ती माणसं.

२५ मार्च, रविवार

माझं सदर आज सुरू झालं असतं.

त्या जागेवर नवीन सदर आहे. 'संपल्यानंतर'. लेखक: घड्याळजी. जग संपून गेल्यावर कसं वागावं, याविषयी दर आठवड्याला चार शब्द. पहिल्या लेखात म्हणतो, आता घाई कशाची? ज्याच्याशी बोलायचं राहिलं त्याच्याशी बोलून घ्या, लंबक हलतोय तोवर. शेवटी छोट्या टाइपात: 'गणितातील चूक दाखवणाऱ्या आमच्या विद्वान वार्ताहरांचे ऋण'. त्याखाली त्याहून छोट्या टाइपात: 'शब्दांकन' आणि माझं नाव.

घड्याळजीला लिहिता येत नाही म्हणे सलग. तो बोलतो, मी उतरवून घेतो. दर गुरुवारी, त्याच स्टुलावर. साहेब म्हणाले, तुमची शैली त्याला चांगली बसते.

वाचकांचा तुफान प्रतिसाद. अर्थात.

चुलतभावाचा फोन आला. म्हणाला, तू गणित बरोबर काढलंस, लहानपणीही तुझं चांगलं होतं.

८ एप्रिल, सकाळ

आज याचा एकदाचा निकाल लावायचा ठरवलं. घड्याळजी म्हणतो २७ जुलैला जग संपलं. ठीक. मी डायरी लिहितो, तीही आजची नाही. त्या दिवशी जग संपलं असतं तर माझ्या डायरीत नोंद असती. याहून मोठं प्रत्यक्ष प्रमाण नाही. वाचकांच्या पत्रव्यवहारात छापून आणीन, दुसऱ्या नावाने.

माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या. शिंका. ते वर्ष सापडलं. २७ जुलै उघडलं. जशीच्या तशी उतरवतो:

'दाढ दुखते, उजवीकडची खालची. दंतवैद्याकडे याच आठवड्यात. सदराबद्दल संपादकांशी बोललो, म्हणाले बघू. गटारांची बैठक. ही काहीतरी सांगत होती. म्हटलं, नंतर ऐकतो.'

खाली काही नाही. २८ जुलै कोरं. २९ ला पुन्हा दाढ.

बराच वेळ डायरी मांडीवर होती. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, हे नमूद करतो.

मग स्वयंपाकघरात गेलो. ही भांडी पुसत होती. तिच्या मागे उभा राहिलो. तिला वाटलं चहा हवाय. म्हटलं, नाही, तू त्या दिवशी काहीतरी सांगत होतीस ना, ते काय होतं?

ती वळली नाही. हातातली ताटली पुसून ठेवली, दुसरी घेतली.

म्हणाली, "कधी?"